विमानाच्या पायापासून रेल्वे इंजिनाच्या रेलिंगपर्यंत: मॉडेलसाठी कडक स्प्रिंग तार कुठं मिळते अन कशी वाकवायची

माझ्या पहिल्या विमानाचे पाय पहिल्याच लँडिंगला फाकले. थर्माकोलचं विमान, वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, अन चाकांना लावलेली तार म्हणजे साधी जीआय (जस्ताचा थर दिलेली मऊ लोखंडी तार), कारण धुऱ्यावरच्या कुंपणातून उरलेली तीच घरी पडून होती. उतरवलं पऱ्हाटी उपटलेल्या वावरात, चाकं टेकली अन विमान बेडकासारखं पोटावर बसलं. तार तुटली नव्हती हां, नुसती वाकली अन तशीच राहिली. हातानं सरळ केली, पुन्हा उडवलं, पुन्हा बसलं, चार-पाच वेळा असं झालं अन शेवटी सरळ करता करता त्याच जागी कट्‌दिशी तुटली. मग मी काय केलं तर त्याहून जाड जीआय लावली, विमान नाकानं जड झालं अन ते आंब्याच्या झाडात गेलं, ती गोष्ट वेगळी.

तर हे लिहितोय ते नव्यानं मॉडेल करणाऱ्या आपल्या इकडच्या पोरांसाठी. ज्याच्या गावात हॉबीचं दुकान नाही, कुरियरवाला तालुक्यापर्यंतच येतो अन घरी एक पक्कड, एक हातोडी अन एखादी बोथट कानस एवढंच सामान आहे, त्यानं वाचावं.

आधी तारेची गोष्ट समजून घे भाऊ

कडक तार म्हणजे वाकवायला जड तार असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं नाहीये. एकाच जाडीची बाइंडिंग तार अन स्प्रिंगची तार घे, दोन्ही थोड्या थोड्या वाकवून पाहा, जोर सारखाच लागतो. पोलादाचा ताठपणा दोघींचाही एकच, २०० गिगापास्कलच्या आसपास. फरक पडतो तो नंतर. साधी तार थोडं वाकवलं की तिथंच बसते, स्प्रिंगची तार कितीतरी जास्त वाकूनसुद्धा सोडली की परत जागेवर येते. आपल्याला पाहिजे ती ही, परत येणारी.

म्हणून पाय लवचिक वाटला तर तार बदलून फायदा नाही, जाडी बदलायची. अन जाडीचा हिशोब भयंकर आहे, जाडी दुप्पट केली की ताठपणा १६ पट होतो. १.६ मिमीच्या जागी २ मिमी घेतली तरी जवळजवळ अडीच पट. त्यामुळं एकदम उडी मारायची नाही, एक-एक नंबर वर जायचं.

ताकदीचं म्हणशील तर पियानो वायर (ही स्प्रिंगचीच तार, म्युझिक वायर पण म्हणतात, दोन्ही एकच) १ मिमी जाडीची असेल तर तिची ताण सोसायची ताकद २००० मेगापास्कलच्या वर जाते. सोप्या भाषेत, एका तारेला दीड क्विंटल कापूस टांगला तरी तुटणार नाही, बांधकामाच्या बाइंडिंग तारेला त्याच जाडीत तीसेक किलोलाच घाम फुटतो. (टांगून पाहू नको, तुटली तर चाबकासारखी येते.) अन गंमत म्हणजे तार जितकी बारीक तितकी तिची दर चौरस मिलिमीटर ताकद जास्त, जाड होत गेली की कमी होत जाते.

लोहारकाकांनी पाणी दिलं तेव्हा

आपल्याकडं विळा बोथट झाला, फाळ झिजला की लोहाराकडं जायचं, तो तापवतो, ठोकतो, पाणी देतो, काम झालं. मीही एकदा २ मिमीची पियानो तार घेऊन गेलो, कारण थंड वाकवायला जमत नव्हती. काकांनी भट्टीत लाल केली अन पक्कडीनं अशी वाकवली जशी काय ओली सुतळी. मी म्हटलं काका, हिची स्प्रिंग गेली आता. तर म्हणे, "काऊन जाईन, पाणी देऊन देतो ना तुले." पुन्हा लाल केली, पाण्यात बुडवली, चर्रर्र झालं, बाहेर काढली अन ऐरणीवर टाकली तर काचेच्या बांगडीसारखे दोन तुकडे. काका तुकड्याकडं पाहत राहिले, मग माझ्याकडं, अन चहा पाजला.

चूक काकांची नव्हती. या तारेची ताकद पाण्यानं आलेलीच नसते. कारखान्यात जास्त कार्बनचं पोलाद (०.७ ते १ टक्का कार्बन) आधी तापवून एका ठराविक तापमानाला, बऱ्याचदा वितळलेल्या शिशात, थंड करतात अन मग थंड असतानाच एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढतात. साडेपाच मिमीच्या सळीपासून ओढत ओढत २ मिमी, १ मिमी. त्या ओढण्यानं आतली रचना तंतूंसारखी लांब होते अन तिथून ही ताकद येते. एकदा लाल केली की ती सगळी ओढ पुसली जाते, अन भट्टीत ती परत आणता येत नाही. तिला पाणी देता येतं, पण मग लगेच बेतानं तापवून ठिसूळपणा काढावा लागतो, अन दोन मिलिमीटरच्या तारेत ते अंदाजानं जमत नाही. ही तार नेहमी थंडच वाकवायची. साध्या कथलाच्या डागाएवढी (सोल्डरिंगएवढी) उष्णता चालते, त्याचं पुढं सांगतो. पितळेचा किंवा चांदीचा डाग नाही, गॅस वेल्डिंग नाही. ग्राइंडरनं टोक निळं झालं की तेवढं टोक कामातून गेलं समज, निळा रंग म्हणजे ३०० डिग्रीच्या आसपास पोचलं.

कुठं मिळते

सगळ्यात सरळ रस्ता ऑनलाइन हॉबी दुकानाचा, तिथं पियानो वायर नावानंच मिळते, मीटरच्या सरळ लांबीत, ०.८ पासून ३-४ मिमीपर्यंत. पण मागवायच्या आधी एकच विचार, पॅकिंग सरळ पाइपात आहे का? मी पहिल्यांदा मागवली तर दुकानदारानं १.५ मिमीच्या तारा गोल करून चपटी टेप मारून एवढ्याशा डब्यात कोंबल्या होत्या, उघडल्या तर सगळ्यांना कमान आलेली. फोन केला तर म्हणे वायर तो वायर है सर. परत पण घेतल्या नाहीत. तशी कमान पुन्हा सरळ करणं घरी होत नाही, झाली तरी लाटांसारखी होते.

दुसरं, नागपूर. इतवारीत लोहाओळीत जाऊन "पियानो वायर" मागितली तर तुला वाद्यांच्या दुकानात पाठवतील. "स्प्रिंग तार" म्हण. जाडी गेजमध्ये (तारेच्या जाडीचा नंबर, यादी पुढं दिली आहे) सांग, मिळते वजनावर, गुंडाळीतून तोडून. जरा मोठा दुकानदार असेल तर विचार की आयएस ४४५४ ची आहे का, ते आपलं स्प्रिंग तारेचं भारतीय मानक, त्यात एसएल, एसएम, एसएच, डीएम, डीएच असे ग्रेड असतात. एल, एम, एच म्हणजे ताकद कमी, मध्यम, जास्त अन त्याच्या आधीचा एस म्हणजे एका जागी ताण सोसणाऱ्या स्प्रिंगसाठी, डी म्हणजे सतत हलणाऱ्या स्प्रिंगसाठी. मॉडेलला एसएम पण भागतं, एसएच मिळाली तर उत्तम. अन किलोभर घेऊन येऊ नको बाप्पा. २ मिमीची तार मीटरला २५ ग्रॅम भरते, म्हणजे किलोत चाळीस मीटर, तुझी नातवंडं विमानं करतील तरी पुरेल. १ मिमीची तर किलोत १६० मीटरच्या वर. पाव किलोच्या वर मागूच नको. गुंडाळी जेवढी मोठ्या व्यासाची तेवढी तार सरळ, म्हणून लहान भेंडोळ्यातली घेऊ नको. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत कोणी ओळखीचं असेल अन स्प्रिंग बनवणाऱ्या वर्कशॉपमधून उरलेले तुकडे आणून देत असेल तर मग काय, दिवाळी.

पण खरं सांगू का, निम्म्या कामाला नागपूर पण लागत नाही.

सायकलच्या दुकानात स्पोक. मी मागितला तर काका म्हणे, "चाक कुठं हाय तुह्यं?" म्हटलं चाक नाही, विमानाला पाहिजे, तर त्यांनी पैसेच घेतले नाहीत. स्पोक साधारण २ मिमीचा असतो (मोजून घे, मागच्या चाकाचा कधी जाड निघतो), सरळ असतो, एका टोकाला आटे अन वर निपल फुकट. पियानो तारेएवढा कडक नाही, पण जीआयपेक्षा कितीतरी बरा. कंट्रोलच्या काड्यांना (पंखाच्या-शेपटीच्या हलत्या फळ्या ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या) तर एक नंबर, आटे असल्यामुळं लांबी कमीजास्त करता येते.

गाडीची तुटलेली क्लच केबल गॅरेजवाला असाच देतो. ती बहुतेक गुंडीजवळ तुटते, बाकी अख्खी चांगली असते, रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवून ग्रीस काढ. सायकलची ब्रेक वायर पण तसलीच, दीड मिमीच्या आसपास, बारीक तारांचा पीळ. झटका मशीनच्या कुंपणासाठी कृषी केंद्रात क्लच वायर म्हणून जी मिळते ती पण पीळ असलेली तार, रानडुकरांपायी आता गावोगाव झाली आहे, शेजाऱ्याकडं दोन-चार मीटर उरलेली असतेच. ही सगळी ओढायच्या कामाची, दोरीसारखी, ढकलायच्या नाही. तोडायच्या आधी त्या जागी फेव्हिक्विकचा थेंब सोड, नाहीतर टोक झाडूसारखं पसरतं. अन कुंपणावर लागलेल्या तारेला मशीन बंद करून, मालकाला सांगून हात लाव, एवढं सांगायला पाहिजे का!

एकदम बारीक पाहिजे असेल तर वाद्यांची तार. गिटारची पहिली तार पाव मिमीच्या आसपास, सितारची ०.३. भजनी मंडळातल्या बुवांकडं एकतारीच्या जास्तीच्या तारा असतात, त्यातली पोलादी घे, पितळी नको. ही खरी पियानो तारेच्याच जातीची, त्यामुळं बारीक स्प्रिंगा, आकडे, रेलिंग याला झकास.

काय घ्यायचं नाही ते पण ऐक. टायर जाळून काढलेली काळी तार कबाडीकडं ढीगभर मिळते. टायरच्या काठातली तार मुळात चांगलीच असते पण जाळली की तिचं काय झालं असेल ते लोहारकाकांच्या भट्टीवरून समजून घे. अन विजेच्या लाइनची तार. ॲल्युमिनियमच्या तारेच्या मधोमध पोलादाची तार असते, कबाडीत दिसते, दिसायला मोहक असते, पण ती तिथं कशी आली हे कबाडीला पण विचारू नको अन तू पण घेऊ नको. चोरीच्या लाइन तारेच्या भानगडीत एका तुकड्यापायी पडायचं नाही.

जाडी मोजायची

व्हर्नियर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर दहा तुकडे शेजारी शेजारी चिकटवून पट्टीवर ठेव, एकूण रुंदीला दहानं भाग, झालं. गेज लक्षात ठेवायचे ते एवढेच: १४ गेज २.०३ मिमी, १६ गेज १.६३, १८ गेज १.२२, २० गेज ०.९१, २२ गेज ०.७१. नंबर वाढला की तार बारीक, हे नव्या माणसाला उलटं वाटतं.

कुठं कोणती? रबर पिळून उडणाऱ्या छोट्या विमानाचा पंख्याचा दांडा अन आकडा, ०.८. कंट्रोलच्या काड्या, १ ते १.५. पाय, अर्ध्या किलोच्या आत १.६ ते २, किलोच्या आसपास २.५, दोन किलोला ३ च्या वर. हे अंदाज आहेत, आपल्याकडं डांबरी रनवे नसतात, ढेकळात उतरवणार असशील तर एक नंबर वर घे.

पातेल्याची परीक्षा

दुकानदार काहीही म्हणो, घरी आणून ही परीक्षा घ्यायचीच. तारेच्या जाडीच्या २०० पट व्यासाचं गोल काहीतरी शोध. १ मिमीच्या तारेला २० सेंमीचं पातेलं, दीड मिमीला ३० सेंमीची परात, २ मिमीला मोठं घमेलं चालतं. तार त्याच्या पोटाला धरून अर्धी गोल वाकव अन हळूच सोड, हळूच म्हणतोय. खरी स्प्रिंग तार पहिल्यासारखी सरळ होते, जणू काही झालंच नाही. स्पोक थोडीशी कमान धरू शकतो. जीआय अन बाइंडिंग तार पातेल्याचाच आकार घेऊन बसतात.

ग्राइंडर असेल तर टोक हलकं टेकवून ठिणग्या पण पाहा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेघा, जास्त कार्बनच्या तारेच्या ठिणग्या टोकाला फुटतात, फुलबाजीसारख्या. संध्याकाळी अंधारात पाहिलं की लगेच समजतं. चुंबकाच्या परीक्षेचा उपयोग नाही, दोन्ही चिकटतात.

तोडताना डोळे सांभाळ

घरातल्या पक्कडीनं पियानो तार तोडायला गेलास तर पक्कडीला दात पडतील, तारेला नाही. माझ्या भावाचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, त्याचा नवीन कटर मी असाच खराब केला, अजून ऐकवतो. तीन पद्धती आहेत. तिकोनी कानशीनं चारी बाजूंनी खाच पाडायची, वाइसमध्ये खाच बरोबर जबड्याच्या काठावर ठेवून झटक्यात मोडायची, ही सगळ्यात स्वस्त अन मला अजून हीच आवडते. दुसरी, ग्राइंडरवर एक मिमीचं कटिंग व्हील, थांबत थांबत, मधे मधे पाण्यात बुडवत. तिसरी, खास कडक तारेचा कटर, जाड तारेला बोल्ट कटर.

तिन्हीत एक गोष्ट एकच, तोडलेला तुकडा गोळीसारखा उडतो. चष्मा लाव, साधा नाही, वेल्डिंगवाल्याकडचा पांढरा गॉगल. अन तोडताना तार ओल्या फडक्याखाली किंवा गोणपाटाखाली धर. गुंडाळी उघडायची असेल तर त्याहून जास्त काळजी, बांधलेली तार तोडली की अख्खं भेंडोळं साप उठल्यासारखं उसळतं. पायाखाली दाबून, टोक हातात पक्कं धरून, तोंड बाजूला करून, अन दोघं असतील तर बरं. टोकाची धार कानशीनं लगेच मार, नाहीतर पुढचे दोन तास तेच टोक तुला टोचत राहतं.

वाकवणं

इथं घाई केली की तार तुटते, म्हणून एक अख्खा पाय करून दाखवतो. त्या साडेचारशे ग्रॅमच्या विमानाचाच, २ मिमीच्या तारेतून.

आधी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढ. मधला आडवा भाग ८ सेंमी, दोन्ही पाय १२-१२, चाकाचे आस ३-३. बेरीज ३८, पण तार तोड ४२ ची, कारण वळणात लांबी इकडं तिकडं होते अन आस शेवटी कापता येतो, पाय लांबवता येत नाही. वाकवायच्या जागा मार्करनं खूण कर. कानशीनं ओरखडा मारून खूण करायची सवय असेल तर ती सोड, कारण या तारेत ओरखडा म्हणजे तुटायची जागा. महिनाभर उडवशील अन एक दिवस बरोबर तिथूनच जाईल.

याच कारणानं वाइसच्या जबड्याच्या तीक्ष्ण कडेवर पण वाकवायचं नाही. अन हातोडीनं ठोकून काटकोन काढणं तर नाहीच नाही. वळणाच्या आत काहीतरी गोल पाहिजे. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिमी जाडीच्या पट्टीला दोन भोकं मारून घेतली, त्यात ६ मिमीचे दोन बोल्ट कसले, मधे तार जेमतेम जाईल एवढी फट ठेवली. पट्टी वाइसमध्ये धरायची, तार दोन बोल्टांच्या मधून घालायची, लांब टोकावर सायकलच्या पंपाची जुनी नळी चढवायची अन हळूहळू, एका दमात, एका बोल्टाभोवती वळवायची. ६ मिमीच्या बोल्टाभोवती आतली गोलाई ३ मिमी येते, म्हणजे तारेच्या दीडपट, २ मिमीला हे ठीक आहे. त्याहून तीक्ष्ण वळण घेतलं की बाहेरच्या बाजूला बारीक चिरा पडायला लागतात, नखाला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत. ३ मिमीच्या तारेला बोल्ट पण जाड घे, १० चा.

तार परत येते हे विसरू नको. ९० अंशाचं वळण पाहिजे असेल तर शंभर-एकशे पाचपर्यंत न्यावं लागतं, सोडल्यावर ती ९० वर येऊन थांबते. नेमकं किती ते तारेवर अन बोल्टावर आहे, म्हणून आधी फालतू तुकड्यावर एक वळण करून पाहा अन पट्टीवर खडूनं रेघ मार, की बाप्पा इथपर्यंत ओढायचं. कमी वाकलं तर आणखी थोडं वाकवता येतं. जास्त वाकलं तर मात्र परत उघडू नको. एका जागी पुढं-मागं दोनदा वाकवलेली तार मी विमानावर लावत नाही, तो तुकडा दुसऱ्या छोट्या कामाला ठेवतो.

क्रम असा: आधी मधली दोन वळणं, मग कागदावर ठेवून पाहा, मग आसाची दोन. बहुतेक सगळे एक चूक करतात, मी तीनदा केली आहे, एक आस बाहेर अन एक आस आत वळवतात. म्हणून शेवटचं वळण घ्यायच्या आधी चाक हातात धरून तारेला लावून पाहायचं, चाक कुठं येणार ते डोळ्यानं पाहायचं अन मगच नळी ओढायची. चारही वळणं झाली की काचेवर किंवा फरशीवर ठेव, डुलली तर पीळ आला आहे, तो हातानं दोन्ही पाय धरून हलकाच उलटा पीळ देऊन काढ.

पायांना थोडं पुढं झुकवायचं अन बाजूला फाकवायचं, सरळ खांबासारखे ठेवले तर धक्का सगळा विमानाच्या पोटाला बसतो. पाय फाकून परत आले पाहिजेत, त्याच्यासाठीच तर एवढा उपद्व्याप केला. मधला ८ सेंमीचा भाग प्लायच्या पट्टीत खाच करून बसव, वरून पत्र्याच्या दोन पट्ट्या स्क्रूनं. नुसत्या अराल्डाइटवर भरवसा ठेवू नको, चिकटवायचंच असेल तर तार आधी पॉलिश पेपरनं घासून, त्यावर दोरा गच्च गुंडाळून मग. अन चाक निघू नये म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातून कनेक्टर पट्टी आण, तिचं प्लास्टिक सोल, आत पितळेची छोटी नळी अन स्क्रू निघतो. तार आत जाते अन स्क्रू आवळला की चाकाला कॉलर तयार. एका पट्टीत डझनभर कॉलर, हॉबी दुकानवाले याचेच पाकीट विकतात.

डाग द्यायचा तर

दोन तारा जोडायच्या असतील तर साध्या कथलाचा डाग चालतो, तो १८३ डिग्रीला वितळतो, तेवढ्यानं तारेची स्प्रिंग जात नाही, फक्त एकाच जागी मिनिटभर खिळून राहू नको. पण रेडिओ दुरुस्तीच्या राळेवर पोलादाला कथील धरत नाही, थेंब पाऱ्यासारखा गोल होऊन पळतो. पत्र्याची कामं करणारे किंवा कल्हईवाले जो नवसागर किंवा ॲसिडचा फ्लक्स वापरतात तो घे. तार पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घास, दोन्ही तारा शेजारी ठेवून वरून तांब्याच्या बारीक तारेचे आठ-दहा वेढे गच्च मार (वाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या मोटरीची तार फुकट मिळते, फक्त वरचा इनॅमल खरवडून काढ, नाहीतर कथील लागतच नाही), मग फ्लक्स, मग डाग द्यायची मोठी इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) गरम करून डाग. चांगला डाग वेढ्यांच्या मधे पाण्यासारखा ओढला जातो. ताकद त्या वेढ्यांनी येते, नुसता टोकाला टोक लावून दिलेला डाग पहिल्या धक्क्याला सुटतो.

झालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं चांगलं धू अन पूस अन तेल लाव. नाही धुतलं तर दोन दिवसांत तांबारा. अन गंज काढायला म्हणून ही तार बाथरूमच्या ॲसिडमध्ये कधी बुडवून ठेवू नको. ॲसिडमुळं हायड्रोजन पोलादात शिरतो, तार वरून स्वच्छ दिसते अन ताणात ठेवली की एक-दोन दिवसांनी आपोआप तुटते. माझी तशी एक स्प्रिंग रात्री कपाटात टण्‌कन तुटली, घरचे उठून बसले.

रेलिंगचं एक

हे विमानाबाहेरचं आहे पण विचारतात पोरं. मी शकुंतलेच्या (आपल्याकडची छोट्या रुळांची रेल्वे) इंजिनाचं मॉडेल करतोय, १:३५ चं. मूर्तिजापूर-यवतमाळ लाइनच्या दोन रुळांमधली रुंदी ७६२ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेबावीस मिमी पडते. रेलिंगचा खरा दांडा २५ मिमीचा धरला तर ०.७ मिमी तार, २२ गेज. आता याला स्प्रिंग तार लागते का? खरं तर नाही, पितळेची तार घ्यावी, वाकायला सोपी, डाग लगेच धरते. पण आमच्या घरी दर रविवारी चार भाचे येतात, प्रत्येक जण इंजिन रेलिंगला धरून उचलतो. पितळेचं रेलिंग दोन रविवार टिकलं. २२ गेजची स्प्रिंग तार लावून आता वर्ष होत आलं, दाबतात, परत येते. एवढ्या बारीक तारेला पक्कडीनंच वाकवता येतं, फक्त पक्कडीच्या दातांवर कागदी टेप चिकटव.

ठेवायची कुठं

मृगाचा पाऊस आला की उघड्या तारेला आठवड्यात तांबूस ठिपके येतात, अन तो ठिपका म्हणजे पुन्हा तुटायची जागा, ओरखड्यासारखीच. पाऊण इंची पीव्हीसी पाइप बोअरवेलच्या कामातून उरलेला असतोच, एका टोकाला बूच, आत तेलाचा बोळा फिरव, तारा घाल, दुसरं बूच लाव. वर मार्करनं जाडी लिही. हातानं धरलेल्या तारेला घामाचे डाग पडतात, म्हणून ठेवायच्या आधी एकदा तेलाच्या फडक्यातून ओढून घे.

अन तुकडे. हे मी सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. आपण काम करतो अंगणात, बाजूला गोठा, वाऱ्यानं कुटार उडत असतं, अन तारेचा दोन सेंमीचा तुकडा कुटारात गेला तर जनावर तो चारा म्हणून गिळून टाकतं. तो जाळीपोटात (जनावराच्या चार पोटांपैकी एक) जाऊन बसतो, अन जाळीपोटाच्या अगदी समोर हृदय असतं. आमच्या शेजारी एका गाईचं असं झालं, चारा सोडला, छाती पुढं सुजली, डॉक्टर आले तोपर्यंत उशीर झाला होता. तार माझी नव्हती, कुंपणाची होती, पण तेव्हापासून मी तोडकाम जुन्या ताडपत्रीवरच करतो अन उठायच्या आधी फुटलेल्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून ताडपत्रीवरून अन आजूबाजूच्या मातीवरून दोनदा फिरवतो. सापडलेले तुकडे प्लास्टिकच्या बाटलीत, बूच लावून. बाटली भरली की कबाडीला.